वॉशिंग्टनचं चार घरांचं युद्ध

आमच्या सारांदीत वॉशिंग्टन नावाची सात माणसं आहेत. एक खाटीक, एक बसचा ड्रायव्हर, दोघं तर सख्खे चुलतभाऊ, आणि सातांतला एकही कधी राजधानीच्या, म्हणजे मोंतेविदेओच्या, पुढं गेलेला नाही. मी सांगतेय तो वॉशिंग्टन ओलिवेरा, टाइपरायटर दुरुस्त करणारा. माझ्या मावसबहिणीचा मुलगा, म्हणजे नात्यानं मी त्याची मावशी. तसं निम्मं गाव मला चिचा मावशीच म्हणतं, कारण चाळीस वर्षं त्यांच्या डोक्यावर माझा हात आहे. आशीर्वादाचा नाही हो, कात्रीचा.

हा लहानपणापासून असाच. वस्तू हातात आली की उघडलीच. स्वतःच्या लग्नात फोटोवाल्याचा कॅमेरा अडकला, तर नवरदेव कोट काढून, मांडीवर रुमाल पसरून स्क्रू मोजत बसला, आणि ग्रिसेल बिचारी फुलं धरून पाऊण तास चर्चच्या पायरीवर उभी. तिथंच तिला कळायला हवं होतं. कळलंही असेल, पण पाहुणे आले होते, कोकरू भाजून झालं होतं.

मग आले कॉम्प्युटर. आधी नोटरीसाहेबांच्या कचेरीत, मग जनावरांच्या डॉक्टरीण मिर्ताच्या दुकानात, मग चक्क कोंबड्यांच्या फार्मवर. टाइपरायटर गेले माळ्यावर आणि वॉशिंग्टनचं दुकान पडलं ओस. अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं? यानं न्हाणीघराच्या फरशीसाठी बाजूला ठेवलेले पैसे उचलले आणि स्वतःच एक कॉम्प्युटर घेऊन आला.

"मावशी, शत्रूचं तोंड तरी बघू दे," म्हणाला.

तोंड बघितलं आणि प्रेमात पडला, दुसरं काय.

ग्रिसेल शाळेत शिवण शिकवते. बोलते कमी, पण बोलली की मशिनची टीप मारल्यासारखं, उसवत नाही. तिनं सांगितलं, "पुढच्या मार्चअखेरपर्यंत. तोवर या डब्यातून काही निघालं तर ठीक. नाही तर डबा विकायचा, फरशी घालायची, आणि एक एप्रिलपासून तू नेल्सनकडे कोंबड्यांत."

नेल्सन म्हणजे तिचा धाकटा भाऊ. बारा हजार कोंबड्या आणि तेवढाच गर्व. आणि वॉशिंग्टन कोंबड्यांना भितो. हसू नका, खरंच भितो. एक कोंबडी रस्ता ओलांडताना दिसली तर हा पलीकडच्या चौकातून वळसा घालून येतो. बारा हजार म्हणजे त्याच्या दृष्टीनं नरकच, तोही पिसांचा.

तर डब्यातून काढायचं काय? त्यानं ठरवलं, खेळ काढायचा. चार माणसं, चार घरं, चार कॉम्प्युटर, आणि टेलिफोनवरून एकमेकांशी युद्ध.

"घरबसल्या लढाई, मावशी!"

"अरे, घरबसल्या लढाई तुझ्या आईबापांनी तीस वर्षं केली. त्यांना टेलिफोन नाही लागला."

त्यानं तीन वह्या भरल्या. मी वाचल्यात, दुकानात गिऱ्हाईक ड्रायरखाली बसलं की मला वेळच वेळ. पहिली कल्पना अशी की प्रत्येक शिपायाला नाव, जन्मतारीख आणि आई असली पाहिजे, म्हणजे तो मेला की खेळणाऱ्याला वाईट वाटेल. चार हजार शिपाई. दोनशे बारापर्यंत पोचला आणि नावं संपली, मग गावातली माणसं घातली. ही वही नोटरी डॉन हेबेर यांच्या हाती लागली.

"काय रे, मी नवव्या पानावर मेलोय?"

"हो, नोटरीसाहेब."

"लढता लढता?"

"नाही... हगवणीनं."

डॉन हेबेर चार दिवस फिरकले नाहीत. मग शिपायांची नावं रद्द झाली.

दुसरी कल्पना गाईंची. सैन्य खाणार काय? गाई. मग गाई बरोबर न्यायच्या. मग सैन्य गाईच्या चालीनं चालणार. यानं गणित मांडलं, तर सैन्य शत्रूच्या नदीपर्यंत पोचतं तेव्हा गाई खाऊन संपलेल्या, शिपाई जाडजूड झालेले, आणि कुणालाच लढायची इच्छा उरलेली नाही. मी म्हटलं, हीच कल्पना सगळ्यात चांगली आहे, इथंच थांब. ऐकेल तर शपथ.

तिसरी कल्पना वामकुक्षीची. खेळातल्या दिवसात एक ते चार हल्ला करायचा नाही. यावर सगळे लगेच हो म्हणाले. फक्त मिर्तानं विचारलं, "आणि कुणी केलाच तर?"

 डॉन हेबेर म्हणाले, "असं कोण करेल, बाई?" विषय संपला.

आणि चौथी कल्पना मी मुद्दाम शेवटी सांगतेय. शत्रूचं सैन्य आपल्याला दिसत नाही, धुकं असतं. दिसायला हेर पाठवायचा. त्या हेराचं नाव यानं वहीत लिहिलं होतं "न्हावीणबाई". घोडदळापेक्षा वेगवान, भिंतीपलीकडचं ऐकू येतं, किंमत दोन गाई.

"दोनच?" मी म्हटलं.

त्यानं मुकाट्यानं तीन केल्या.

पण कॉम्प्युटरला शिकवायच्या आधी खेळ नीट चालतो का बघायचं होतं. म्हणून रविवारी रविवारी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बैठक. मेणकापडावर खडूनं नकाशा, सैन्याच्या जागी ग्रिसेलच्या शिवणाच्या डब्यातली बटणं. ती कुठं जातात याचा तिला सहा महिने पत्ता नव्हता, शाळेतल्या पोरींवर संशय घेत होती. खेळायला वॉशिंग्टन, मिर्ता आणि डॉन हेबेर. तिसऱ्या रविवारी नेल्सन टिंगल करायला आला.

"काय दाजी, बटणं खेळताय? खुराडं झाडायचा सराव कधी सुरू?"

असं म्हणत बसला आणि संध्याकाळी सात वाजता उठला. जाताना म्हणाला, "पुढच्या रविवारी नकाशावरचं ते सालतो शहर माझं आहे. कुणी हात लावायचा नाही."

मी काय करत होते? येर्बा भरत होते. आमचा चहाच तो: वाळक्या भोपळ्याच्या पेल्यात, म्हणजे भोपळीत, हिरवी पत्ती, थर्मासातलं गरम पाणी, मध्ये नळी. पहिली मी ओढायची, मग उजवीकडच्याला, त्यानं संपवून मला परत, मी भरून पुढच्याला. आईच्या पोटातून शिकून येतात इथं लोक हे. तसा खेळ फिरत होता. डॉन हेबेर भोपळी घ्यायचे, एक घोट, एक बटण पुढं, अजून एक घोट, नळी खुडखुडली की झालं. मिर्ता भोपळी धरून बोलत बसली की सगळे ओरडायचे, "अगं, तो माइक नाही, पी आणि दे!" आणि बटणं इतकी शिस्तीत लढायची की मिरवणुकीतसुद्धा एवढी शिस्त नसते. वॉशिंग्टन खूश. म्हणाला, "नियम पक्के झाले, मावशी."

हिवाळाभर, म्हणजे आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत, त्यानं ते सगळं कॉम्प्युटरला शिकवलं. मुख्य यंत्र त्याच्या दुकानात. बाकी तिघांनी आपापल्या यंत्रातून तिथं फोन लावायचा, आपला डाव खेळायचा, फोन ठेवायचा. लाइन एकच, म्हणजे एका वेळी एकजणच आत. जानेवारीत त्यानं मोंतेविदेओतल्या एका माणसाला पत्र लिहिलं. आन्सेल्मी नाव, कॉम्प्युटरचे खेळ डब्यात घालून विकायचा धंदा. उत्तर आलं, मार्चच्या शेवटच्या शनिवारी तीनच्या बसनं येतो, साडेसहाच्या बसनं जातो, खेळ चालताना दाखवा.

मार्चचा शेवटचा शनिवार. ग्रिसेलनं कॅलेंडरवर त्या तारखेभोवती शाईनं गोल काढला. नेल्सननं त्या आठवड्यात दाजींच्या मापाचे रबरी बूट आणून दुकानात ठेवले. "घाई नाही," म्हणाला, "सोमवारी पाचला या. पहाटेच्या."

शनिवार उजाडला आणि नेमकं त्याच दिवशी पलीकडच्या मळ्यावरच्या एका आजोबांना मृत्युपत्र करायची घाई झाली. डॉन हेबेर गेले तिकडं. चौथा गडी कोण? उरली ग्रिसेल. वॉशिंग्टननं तिला नोटरीसाहेबांच्या कचेरीत नेऊन बसवलं, फोन कसा लावायचा दाखवलं. तिनं विणकाम मांडीवर घेतलं आणि विचारलं, "मला एवढंच सांग, शरण जायचं बटण कुठलं?"

साडेतीनला आम्ही दुकानात. मी, वॉशिंग्टन आणि आन्सेल्मीसाहेब. बारीक माणूस, टाय, मांडीवर बॅग. केस कुणी कापले होते देव जाणे, उजवी बाजू डावीपेक्षा लांब, पण माझी कात्री खिशातच राहिली.

फोन वाजला, यंत्रानं कोंबडा कापल्यासारखा आवाज केला, आणि पडद्यावर आलं, नेल्सन आत आला. वॉशिंग्टन हसला. नेल्सननं एक डाव खेळला. मग दुसरा. मग तिसरा. फोन ठेवायचं नाव नाही. सात डाव खेळून झाल्यावर लाइन तुटली, तर मिर्ता आत. तिनं नऊ केले. मग परत नेल्सन. अर्ध्या तासात दोघांनी मिळून ग्रिसेलचा निम्मा देश खाल्ला, आणि ग्रिसेल अजून एकदाही आत आलेली नाही.

आन्सेल्मीसाहेबांनी घड्याळ बघितलं. "हे असंच चालतं का?"

"टेबलावर असं होत नव्हतं हो," वॉशिंग्टन म्हणाला. कान लाल. नजर नको नको म्हणताना रबरी बुटांकडे.

फोन करून विचारावं तर सगळ्यांच्या लाइनी लागलेल्या. मग मी काढली मोपेड. घोडं कुठं पेंड खातंय ते बघायला नको?

आधी मिर्ताकडे. कानाला फोन, कोपराशी थर्मास.

"मिर्ता, ठेव तो फोन."

"का? माझा डाव आहे."

"कशावरून तुझा?"

तिनं माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघितलं आणि भोपळी वर केली. "ही काय, हातात आहे ना!"

नेल्सनकडे गेले. अंड्यांच्या कचेरीत, थर्मास काखेत, भोपळी हातात. "मावशी, मध्ये बोलू नकोस, माझा डाव चाललाय."

नोटरीसाहेबांच्या कचेरीत ग्रिसेल चाळिसाव्यांदा नंबर फिरवत होती. विणकाम खाली पडलेलं, भोपळी हातात. "मावशी, माझा नंबर केव्हाचा आहे, ती दोघं घुसतायत!"

मी तशीच मागं फिरले.

"वॉशिंग्टन, वह्या काढ. कुणाचा डाव कधी, हे कुठल्या पानावर लिहिलंयस?"

त्यानं तिन्ही वह्या चाळल्या. वामकुक्षीवर चार पानं. न्हावीणबाईवर दोन. हगवणीवर अख्खं एक पान, आकृतीसकट. डाव कुणाचा, यावर एक ओळ नाही.

"पण मावशी, ते काय लिहायचं? ज्याच्या हातात भोपळी, त्याचा डाव."

"बरोबर. आणि चार घरांत भोपळ्या किती?"

तो खाली बसला. स्टुलावर नाही, जमिनीवरच.

आन्सेल्मीसाहेब म्हणाले, "यादी करा ना. एक, दोन, तीन, चार." शहाणा माणूस. केली यादी, मीच नेली. नेल्सननं वाचली, मान डोलावली आणि म्हणाला, "एकदम योग्य. फक्त एवढा थर्मास संपू दे." थर्मास लिटरभराचा, आत्ताच भरलेला.

मग मात्र मी पदर खोचला. म्हणजे पदर आमच्याकडे नसतो, ॲप्रन खोचला. मिर्ताची भोपळी जप्त, नेल्सनची जप्त. ग्रिसेलनं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, तिची बोटं एकेक करून सोडवली. तिन्ही पिशवीत. परत येऊन आन्सेल्मीसाहेबांना म्हटलं, "उठा. मागं बसा."

"मी?"

"थर्मास कोण धरणार? माझ्या एका हातात हँडल, दुसऱ्यात भोपळी."

असं आमचं युद्ध सुरू झालं. वॉशिंग्टननं पहिली ओढली, डाव खेळला, भोपळी मला दिली. मोपेडवरून मिर्ताकडे. आन्सेल्मीसाहेबांनी पाणी ओतलं, तिनं घोट घेतला, फोन लावला, एक चाल, बोलायला लागली, मी ओरडले, "माइक नाही तो!", नळी खुडखुडली, फोन खाली. मग नेल्सन, मग ग्रिसेल, मग परत दुकान. एक फेरी अठरा मिनिटांची. पहिल्या फेरीत आन्सेल्मीसाहेबांचा टाय गरम पाण्यात भिजला, दुसऱ्या फेरीत गिरणीचं कुत्रं मागं लागलं, आणि तिसऱ्या फेरीत साहेबच मला म्हणाले, "जरा जोरात घ्या ना बाई, मिर्तानं पूल टाकला की नाही बघायचंय."

खेळ चालला! टेबलावर चालायचा तसाच.

आणि ग्रिसेल. पहिल्या खेपेला तिनं पडदा नीट बघितला.

"मावशी, या इथं माझ्या गाई होत्या ना?"

"होत्या."

"कुणी नेल्या?"

"नेल्सननं."

"विचारलं होतं त्यानं?"

 तिनं भोपळी एका दमात रिकामी केली, नळी पार खुडखुडेपर्यंत. दुसऱ्या खेपेला तिनं तीन गाई देऊन न्हावीणबाई घेतली. तिसऱ्या खेपेला आम्ही पोचलो तर ती दारातच उभी. "इतका वेळ? कुठं चकाट्या पिटत होतात?" पाचव्या खेपेपर्यंत अकराशे घोडेस्वार घेऊन ती नेल्सनच्या सालतोच्या पुलाशी. विणकामाची सुई हातात, पडद्यावर ठोकत होती. "लहानपणी माझी सायकल नेली होतीस ना, थांब."

सव्वासहाला सगळे दुकानात जमले. आन्सेल्मीसाहेबांनी टाय पिळला, बॅग उचलली आणि वॉशिंग्टनचा हात हातात घेतला.

"खेळ उत्तम आहे. खरंच सांगतो. पण डब्यात काय घालू? फ्लॉपी, माहितीपुस्तक आणि या बाई?"

"यंत्रातच एक भोपळी घालतो," वॉशिंग्टन घाईघाईनं म्हणाला. "पडद्यावर फिरेल. ज्याच्याकडे असेल त्याचाच फोन यंत्र घेईल."

"घाला, जरूर घाला. पण मी विकतो बाहेरच्या देशांत. तिथं प्रत्येकजण आपापल्या कपात कॉफी पितो. भोपळी कशाला फिरतेय, हेच त्यांना कळायचं नाही." जाताना माझ्याकडे वळले. "बाई, मोपेडबद्दल आभार." आणि गेले बस गाठायला.

 वॉशिंग्टननं कॉम्प्युटरचं झाकण पुसलं. म्हाताऱ्या घोड्याची मान पुसतात ना, तसं. मग रबरी बूट उचलले आणि मापाला लावून बघितले.

नेल्सननं घसा साफ केला. "ठीक आहे दाजी, मग सोमवारी. पाच म्हणजे पाच."

"येणार नाही तो," ग्रिसेल म्हणाली.

"ताई, तूच तर..."

"माझं सैन्य तुझ्या पुलाशी उभं आहे. यंत्र विकलं तर ते जाणार कुठं? सोड ते बूट, वॉशिंग्टन."

"आणि फरशी?" वॉशिंग्टननं विचारलं. मूर्ख! अशा वेळी कुणी विचारतं का?

"जुन्या फरशीवर आजवर कुणी घसरून मेलेलं नाही. नेल्सन, तुझं कोंबड्यांचं यंत्र दर आठवड्याला बंद पडतं, कोण येतं दुरुस्त करायला?"

"दुराझ्नोहून एक माणूस. तीन-तीन दिवस लावतो येतो म्हणून."

"आणि पुढच्या शनिवारी साडेतीनला ते बंद पडलेलं असलं, तर मी समजेन की सालतो तू सोडून पळालास."

नेल्सनचं तोंड बघण्यासारखं झालं. बारा हजार कोंबड्यांचा मालक, आणि गल्लीत अब्रू जायची वेळ. मिर्तानं तेवढ्यात टाचणी टोचलीच. "माझं यंत्र तर वॉशिंग्टनच बघणार सोमवारपासून. मला काही पळायचं नाहीये."

"मी तरी कुठं म्हटलं पळतो म्हणून!" नेल्सन ओरडला. बूट हिसकावून घेतले, काखेत मारले, दारापर्यंत गेला आणि परत आला. "दाजी, सोमवारी पाचला नको. नऊला या. पिंजऱ्यांकडून नाही, मागच्या दारानं या, तिकडं कोंबड्या नसतात. दुरुस्तीची हत्यारं घेऊन या."

मंगळवारी डॉन हेबेर मृत्युपत्र करून परत आले, तर त्यांच्या खुर्चीत ग्रिसेल बसलेली. त्यांनी आपला देश परत मागितला. ती म्हणाली, नोटरीसाहेब, रांगेत उभे राहा.